‘आपल्यातली’ म्हणजे नेमकी कोण?

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. दहाव्या वर्षी आईबाबांबरोबर नाशिकहून न्यू जर्सीला आलो. दीड वर्षापासून माझं एका कृष्णवर्णीय अमेरिकन मुलीवर प्रेम आहे. घरी माहीत नाही. लहानपणापासून ‘मुलगी आपल्यातली हवी’ एवढं एकच वाक्य ऐकत आलो. इथल्या मराठी मंडळातल्या मुली मला बहिणींसारख्या वाटतात. डेटिंग अ‍ॅपवर गोऱ्या मुली उत्तरच द्यायच्या नाहीत. मग ही भेटली. गेल्या महिन्यात आईबाबा अचानक माझ्या अपार्टमेंटवर येणार म्हणाले, तेव्हा मी तिला तिचं सामान घेऊन जायला सांगितलं. टूथब्रश, केसांची तेलं, रात्री केसांना बांधायचा सॅटिनचा रुमाल. तिने सगळं पिशवीत भरलं आणि जाताना विचारलं, ‘तुला माझी लाज वाटते का?’ मला उत्तर देता आलं नाही. मावशी, मी भित्रा आहे, की मी कोण हेच मला कळलेलं नाही?

उत्तर : तू मला मावशी म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. न्यू जर्सीत गेली एकोणीस वर्षं मी स्थलांतरित कुटुंबांच्या समुपदेशनाचं काम करते. त्यात भारतीय घरं पुष्कळ, आणि मराठी तर जास्तच. खाली ज्या घरांचा उल्लेख येईल त्यांचे तपशील मी ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत.

तुझ्या पत्रात मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती त्या पिशवीपाशी. आईबाबांना घाबरणं यात गुन्हा नाही. पण त्या दिवशी भीती तुझी होती आणि सामान तिला उचलावं लागलं. तिचा प्रश्न त्यातून आला आहे. ‘छे, लाज कसली?’ हे त्याचं खरं उत्तर नव्हे, आणि ते तुझ्या तोंडून निघालं नाही हे एका अर्थी बरं झालं. खोटं सांगण्यापेक्षा तू गप्प राहिलास. आता खरं काय ते शोधू.

आधी तुझ्या घराकडे बघू. आपल्या इकडच्या घरांमध्ये मुलांच्या वयाचं एक न लिहिलेलं वेळापत्रक असतं. बाविसाव्या वर्षापर्यंत ‘आधी अभ्यास’. पंचविसाव्या वर्षी एक दिवस जेवताना ‘मनात कोणी आहे का?’ आणि सत्ताविसाव्या वर्षी ‘मग स्थळं बघायला लागू?’ या तीन वाक्यांच्या मधल्या काळात माणूस कोणाबरोबर कसं राहायचं, भांडण कसं मिटवायचं, नकार कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा हे शिकतो. त्या काळाबद्दल घरात एक अक्षर बोललं जात नाही. मुलींवर निदान पहारा तरी असतो : कुठे चाललीस, कोणाबरोबर, किती वाजता येणार. मुलांना कोणी विचारतही नाही. तुला ते स्वातंत्र्य वाटलं असेल. मला वाटतं, तुला बोलण्याची सवयच लागू दिली गेली नाही.

यात आपल्या भाषेचाही हात आहे. मराठीत ‘मैत्रीण’ आहे आणि ‘बायको’ आहे. मधल्या माणसासाठी घरात उच्चारता येईल असा शब्द नाही. ‘प्रेयसी’ कवितेत शोभते, आईसमोर कोणी म्हणत नाही. उरलेले सगळे शब्द, लफडं, प्रकरण, भानगड, चक्कर, हे आरोपपत्रासारखे आहेत. ‘गर्लफ्रेंड’ म्हणतानासुद्धा आपल्याकडे आवाज खाली जातो. तू दीड वर्षं गप्प आहेस याचं एक कारण हेही आहे की जे सांगायचं त्याला निर्दोष नावच तुझ्याजवळ नव्हतं. म्हणून पुढे मी तुला वाक्यंच देणार आहे.

आता घराबाहेरच्या दबावाकडे येते, कारण तो तू एका ओळीत उडवून लावला आहेस आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ‘अ‍ॅपवर गोऱ्या मुली उत्तर द्यायच्या नाहीत.’ हे तू तुझं वैयक्तिक अपयश समजून लिहिलं आहेस. ओकेक्युपिड या डेटिंग अ‍ॅपच्या कंपनीने आपल्याच सदस्यांच्या पसंतीचे आकडे २००९ आणि २०१४ मध्ये जाहीर केले होते. बहुतेक गटांतल्या स्त्रियांनी आशियाई पुरुषांना सरासरीपेक्षा कमी पसंती दिली होती, आणि बहुतेक गटांतल्या पुरुषांनी कृष्णवर्णीय स्त्रियांना. पुन्हा वाच. ज्या दोन गटांना त्या बाजारात मागे ढकललं गेलं, त्यांतल्या एकातला तू आणि दुसऱ्यातली ती. नाकारलं जाणं काय असतं हे तिला तुझ्याइतकंच, कदाचित जास्तच, ठाऊक आहे. त्या मुलीला तू तुझ्या घरातून पिशवी भरून जायला सांगितलंस. म्हणून ते तिला इतकं लागलं.

आवडनिवड जन्मजात असते असं आपण धरून चालतो. माझ्या खोलीत बसणारी बहुतेक मुलं हे मान्य करायला खूप वेळ घेतात की कोण ‘सुंदर’ आणि कोण ‘आपल्या लायकीचं’ हे त्यांना शाळेच्या कॅफेटेरियाने, टीव्हीने आणि घरातल्या ‘गोरी, घारी’ या कौतुकाने शिकवलं आहे. डब्यातली पोळीभाजी लपवणारा सातवीतला मुलगा पुढे स्वतःच्या रंगाच्या मुलीही नजरेआड करायला शिकतो. तुझ्या बाबतीत हे किती खरं आहे, ते तूच पडताळून बघ.

म्हणूनच मंडळातल्या मुलींविषयीचं तुझं वाक्य मी तसंच सोडणार नाही. त्यात खरेपणा आहे. गणपतीत एकत्र आरत्या म्हटल्या, रविवारच्या मराठी शाळेत एका बाकावर बसलात, एकमेकांच्या आयांना मावशी म्हणत वाढलात, तर बहिणीसारखं वाटणारच. पण कधीकधी त्याच वाक्याच्या पोटात वेगळंच दडलेलं असतं : ‘ती मला माझ्या घराची आठवण करून देते, आणि मला घरापासून पळायचं आहे.’ पलीकडून त्या मुलीही तुमच्यासारख्या मुलांबद्दल असंच म्हणत असतात. भारतातून नुकत्याच आलेल्याला ‘फॉब’ म्हणायचं, इथे वाढलेल्याला ‘एबीसीडी’, म्हणजे गोंधळलेला देसी, म्हणायचं. ही नावं ठेवणं म्हणजे आपणच आपल्याला खाली ढकलणं आहे. तू तुझ्या मैत्रिणीपाशी आलास तो तिच्यासाठी आलास की कशापासून तरी लांब जाण्यासाठी, हे तिच्याशी बोलण्याआधी स्वतःला विचार. माझा अंदाज असा की सुरुवातीला थोडं दुसरंही असेल आणि आता पहिलं आहे. तसं असेल तर घाबरायचं कारण नाही. पुष्कळ चांगली नाती अशीच सुरू होतात.

‘मी कोण हेच कळलेलं नाही’ असं तू विचारलंस. जीन फिनी या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस अल्पसंख्य मुलांच्या वांशिक ओळखीवर काम केलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं : आधी मूल ओळखीचा विचारच करत नाही, घरचं किंवा बाहेरचं जसंच्या तसं उचलतं. मग कधीतरी ठेच लागते आणि शोध सुरू होतो. त्या शोधातून गेल्यावर स्वतः निवडलेली ओळख तयार होते. बऱ्याच जणांना ही ठेच प्रेमातच लागते, कारण समोरचं माणूस विचारतं, ‘तुझ्या घरात मी कुठे बसेन?’ तुझा शोध आत्ता सुरू झाला आहे. सव्विसाव्या वर्षी सुरू झाला म्हणून तो उशिरा झाला असं मी म्हणणार नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ. ‘आपल्यातली.’ माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना मी एक कोरा कागद देते आणि सांगते, या एका शब्दात तुम्ही काय काय भरलं आहे ते लिहा. पहिल्या दहा मिनिटांत भाषा, जेवण, सणवार येतात. मग ‘आमच्या म्हातारपणी आमच्याशी बोलेल अशी’. त्यानंतर बराच वेळ कोणी काही लिहीत नाही. शेवटी, कधी दुसऱ्या भेटीत, कधी पाचव्या, जात येते. आणि रंग येतो.

या दोन ढिगांना मी सारखं वजन देत नाही. भाषा आणि एकटेपणाची भीती खरी आहे, तिचा आदर करायलाच हवा. एक गृहस्थ माझ्यासमोर रडले होते. सुनेविषयी त्यांची काही तक्रार नव्हती. ते एवढंच म्हणाले, ‘माझ्या नातवाला मी कोणत्या भाषेत रागवू?’ ज्या माणसाने सगळं आयुष्य दुसऱ्या भाषेत नोकरी करून काढलं, त्याला घरात तरी आपली भाषा हवी असते. या दुःखावर इलाज आहे, कष्टाचा आहे, पण आहे. त्यांच्या नातवंडांशी, म्हणजे तुझ्या मुलांशी, तू स्वतः मराठीत बोलशील की नाही हे तुझ्या हातात आहे. लग्न कोणाशी करतोस त्यापेक्षा त्या गोष्टीवर भाषा जास्त टिकते. दोन्ही पालक मराठी असलेल्या कितीतरी घरांत मुलं फक्त इंग्रजी बोलताना मी रोज बघते.

जात आणि रंग यांचं तसं नाही. तिथे समजूत काढत बसायचं नसतं, नाव घेऊन बोलायचं असतं. भारतीय अमेरिकनांचं २०२० मध्ये एक मोठं सर्वेक्षण झालं. त्यात हिंदू उत्तरदात्यांपैकी साधारण निम्म्यांनी आपली जातीशी ओळख असल्याचं सांगितलं, आणि लग्न झालेल्या किंवा जोडीदार असलेल्यांपैकी दहातल्या आठांचा जोडीदार भारतीय वंशाचाच होता. सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी घातली, ती उगाच नाही. सातासमुद्रापलीकडे आपण आडनावं सोबत आणली. मी स्वतः यातून सुटलेली नाही. माझ्या मुलीने कॉलेजात असताना एका मुलाचं नाव सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो ‘आडनाव काय?’ ती काही बोलली नाही, पण पुढचे आठ महिने तिने मला काही सांगितलंही नाही. ते आठ महिने मला अजून बोचतात.

रंगाची उतरंड तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. गोरी सून पचवायला ज्या घराला काही महिने लागले, त्याच घराला दुसऱ्या मुलाची कृष्णवर्णीय मैत्रीण जेवायला बोलवायला तीन वर्षं लागली. प्रश्न फक्त संस्कृतीचा असता तर दोघींना सारखाच वेळ लागला असता. हे आईवडील दुष्ट नव्हते. इथे उतरल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं, ‘त्या भागात जाऊ नका, इकडच्या शाळा चांगल्या.’ देश कळायच्या आधी त्यांना भीतीचा नकाशा मिळतो, आणि तो कोणी पुन्हा तपासत नाही.

तुझ्या बाबांशी बोलायची वेळ येईल तेव्हा त्यांना इतिहासाची आठवण दे, भांडण जिंकण्यासाठी नव्हे, तर त्यांना माहीत असावा म्हणून. १९४६ नंतर भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना या देशात कायम राहायला परवानगी होती. १९६५ च्या कायद्याने तो कोटा गेला, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने बदललेल्या हवेत मंजूर झाला. ज्या दारातून आपण आत आलो ते उघडायला तुझ्या मैत्रिणीच्या आजीआजोबांच्या पिढीने मार खाल्ला आहे. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग खटल्यात निकाल दिला तोवर सोळा राज्यांत गोऱ्या माणसाने दुसऱ्या वंशात लग्न करणं बेकायदा होतं. आणि हे तर आपल्या घरचं : जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय या दोन समाजांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. तेव्हा तुझी मैत्रीण ‘आपल्या इतिहासाशी संबंध नसलेली’ आहे असं कोणी म्हणालं, तर ते मराठी इतिहासालाच धरून नाही.

आणखी एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण तुझ्या वयावरून मी अंदाज बांधते : व्हिसा. दहाव्या वर्षी एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या पालकांवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेली मुलं एकविसाव्या वर्षी पालकांच्या व्हिसावरून बाहेर पडतात. एकेका देशासाठी ग्रीन कार्डांची मर्यादा सात टक्के असल्यामुळे भारतीयांची रांग प्रचंड लांब आहे. तू आज स्वतःच्या एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असशील आणि ती नागरिक असेल, तर हा विषय तुमच्यामध्ये न बोलता बसलेला आहे. तिच्या घरच्यांच्या मनात ‘कागदांसाठी तर नाही ना?’ येणं स्वाभाविक आहे. हे तिने विचारण्याआधी तूच काढ. कायद्याचं वकिलाला विचार, मनातलं तिला सांग, आणि लग्नाची तारीख व्हिसाच्या तारखेवरून ठरवू नकोस.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

घरी सांगताना आईला एकटीला गाठून ‘तू बाबांना सांग’ असं करू नकोस. मराठी मुलगे हे हमखास करतात. आईला दोन्हीकडचे वार झेलावे लागतात, आणि शेवटी ‘तुला आधीच माहीत होतं’ हा ठपकाही तिच्यावरच येतो. दोघांना एकत्र, समोरासमोर सांग. फोनवर नको, सणाच्या दिवशी नको, पाहुणे असताना तर नकोच. वाक्य साधं ठेव : ‘आई, बाबा, दीड वर्षापासून मी एका मुलीबरोबर आहे. माझं तिच्यावर प्रेम आहे. ती कृष्णवर्णीय अमेरिकन आहे. तुमच्यापासून लपवलं ही माझी चूक झाली, आणि त्यामुळे तिलाही दुखावलं.’ तिचा वंश पहिल्या वाक्यात आणू नकोस, म्हणजे ती तेवढीच आहे असं होणार नाही. आणि तो लपवूही नकोस. ‘तुमची परवानगी हवी’ असं म्हणू नकोस. परवानगी मागितलीस आणि ती नाकारली गेली, तर पुढे जे करशील ते बंड ठरेल. तू त्यांना आयुष्यातली एक गोष्ट सांगतो आहेस आणि त्यांनी त्यात यावं असं तुला वाटतं, एवढंच.

मग काय होईल ते मी साधारण सांगू शकते. अबोला. बाबांचं बीपी. ‘आजीला काय सांगायचं?’ नाशिकच्या काकांचा फोन. ‘आमचंच चुकलं, इथे यायलाच नको होतं.’ यातल्या बहुतेक गोष्टी दुःखाच्या आहेत, त्यांना उत्तर द्यायची गरज नसते, फक्त उठून जाऊ नकोस. तुझे आईबाबा ज्या वर्षी निघाले त्या वर्षीचा महाराष्ट्र सोबत घेऊन आले आहेत. नाशिकमध्ये मागे राहिलेली त्यांची भावंडं मधल्या सोळा वर्षांत पुष्कळ बदलली आहेत, आणि मी पाहिलेल्या कित्येक घरांत शेवटी गाठ सोडवली ती भारतातल्याच एखाद्या आत्याने.

पण एक रेघ आधीच आखून ठेव. दुःख ऐकून घ्यायचं, अपमान नाही. तिच्या रंगावरून, केसांवरून, तिच्या लोकांवरून एक शब्द निघाला तर शांतपणे म्हणायचं, ‘हे मी ऐकून घेणार नाही, आपण उद्या बोलू,’ आणि खरंच दुसऱ्या दिवशी जायचं. दुसऱ्या दिवशी न जाणारी मुलं आणि ऐकून घेणारी मुलं, दोघांचंही नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

तिला घरी न्यायची घाई नको. नेशील तेव्हा कोण काय बोलू शकेल हे तिला आधी खरंखरं सांग. तिला साडी नेसवून, ‘नमस्कार, कशा आहात’ पाठ करून घेऊन परीक्षेला बसवू नकोस. तिला स्वतःहून काही शिकावंसं वाटलं तर जरूर शिकव. आणि तूही तिच्या आजीच्या घरी जेवायला जा, तिथे कोणी तुला पारखून बघेल तेव्हा अवघडून बस थोडा.

हे वाचणाऱ्या, तुझ्याहून लहान मुलामुलींसाठी एक सूचना मध्येच द्यायलाच हवी. हा सल्ला नोकरी असलेल्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलासाठी आहे. फी, घर आणि विमा पालकांच्या नावावर असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला, किंवा ज्या घरात हात उगारला जातो तिथल्या कोणालाही, मी ‘आजच सांगून टाक’ असं कधीच म्हणणार नाही. तिथे सुरक्षितता आधी. कॉलेजातल्या समुपदेशकाकडे जा, एक विश्वासू मोठं माणूस शोध, राहायची दुसरी जागा ठरव, मग बघू. समलिंगी नात्यातल्या मुलांना तर हे दुप्पट लागू आहे.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. तू भित्रा आहेस का? त्या दिवशी होतास. पण दीड वर्षानंतर एका परक्या बाईला सगळं खरं लिहिणारा मुलगा कायमचा भित्रा असतो असं मला वाटत नाही.

क्रम मात्र चुकवू नकोस. आईबाबांच्या आधी तिच्याकडे जा. तिला सांग, ‘मला तुझी लाज वाटत नाही. मला त्यांची भीती वाटते, आणि ती मी तुझ्यावर लादली. मी अमुक तारखेला त्यांना सांगणार आहे.’ तारीख ठरवूनच जा. ती थांबेलच असं नाही, तेवढं तिचं देणं नाही. थांबली नाही तरी त्या तारखेला घरी जा आणि सांग. आणि ती परत आली, तर तो सॅटिनचा रुमाल उशीवर राहू दे, आईबाबा दारात असले तरी.